विमलताईंचा बोलका वर्ग

विमलताई गेल्याची बातमी मला शाळेतच कळली. दुपारची सुट्टी संपत आली होती, पोरं नळावर पाणी पीत होती आणि आमचे शिपाई रमणभाई जिना चढून वर आले. रमणभाई अस्सल सुरती माणूस. दारातच थांबून म्हणाले, "शैलाबेन, विमलबेन ऑफ थई गया." सुरतेत माणूस वारला असं कुणी म्हणत नाही, तो 'ऑफ' होतो. इतक्या वर्षांत हा शब्द कितीदा तरी कानावरून गेला असेल, पण त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. चहूकडे यंत्रमाग चालू असावेत आणि एकदम वीज जावी, तशी शांतता झाली माझ्या आत. पोरं येऊन बाकांवर बसली. मी खडू घेऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिले... काय लिहायचं तेच सुचेना.

महिना होत आला त्याला. लिहायला बसते आणि हात अडतो, कारण विमलताई एक नव्हत्या. मला पहिल्यांदा भेटलेल्या विमलताई वेगळ्या आणि पोरांच्या मनात राहिलेल्या वेगळ्या. त्या बदलल्या कशा, ते मी फार जवळून पाहिलं. खरं तर ऐकलं, कारण आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती.

लग्न होऊन मी अमळनेरहून सुरतेला आले आणि नव्वदीच्या सुरुवातीला उधन्याच्या मराठी शाळेत लागले. वरच्या मजल्यावर एका मोठ्या खोलीचे दोन भाग करून चौथीच्या दोन तुकड्या बसवलेल्या. अलीकडे मी, पलीकडे विमलताई. रस्ता ओलांडला की यंत्रमागांचे कारखाने. त्यांचा खटखटाट प्रार्थनेच्या वेळी सुरू असायचा तो पोरं घरी निघाली तरी तसाच. पोरं बहुतेक खान्देशातली, काही परभणीकडची, काही बुलढाण्याची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत आम्ही शिकवू ते पुस्तकी मराठी. विमलताई स्वतः चोपड्याकडच्या, तापीकाठच्या खेड्यातल्या. भाऊ मिलमध्ये लागला म्हणून त्याच्यामागे आल्या, लग्न केलं नाही, त्याच्याच घरी राहिल्या. ठेंगणी चण, पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळावर आठी. त्यांच्या वर्गात साठाच्या वर पोरं आणि तरीही चिडीचूप. पाढे सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे. धडा एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ओळीखाली बोट सरकवायचं. आमच्या मुख्याध्यापकांना गुजरातेतल्या रिवाजाप्रमाणे सगळे आचार्य म्हणत. ते येता-जाता मला ऐकवायचे, "शैलाबेन, जरा भिंतीपलीकडे कान द्या. वर्ग असा असतो."

मग प्लेगचं वर्ष आलं. गणपती नुकतेच बोळवले होते. बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत उधना ओस पडलं. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसं लोंबकळत होती. आम्हीही अमळनेर गाठलं. विमलताई मात्र भावाच्या कुटुंबाबरोबर इथेच राहिल्या, तोंडाला रुमाल बांधून. दिवाळीनंतर मी परतले तेव्हा शाळा भरत होती म्हणायची एवढंच. त्यांच्या वर्गात दहा-बारा पोरं, माझ्या वर्गात त्याहून थोडी जास्त. बाकीची अजून गावीच होती.

एक दिवस डबा खाताना त्या घास हातात धरून नुसत्याच बसल्या. मग म्हणाल्या, "शैला, साठ पोरं समोर असली ना, की वर्ग दिसतो. पोर दिसत नाही. आता एवढीशीच आहेत, तर मला भीती वाटायला लागली गं."

"कसली भीती, ताई?"

"इतकी वर्षं मी कुणाला शिकवत होते, याची."

त्यांना काय दिसलं होतं, ते मला हळूहळू कळत गेलं. भिका नावाचा मुलगा होता. वहीत एक ओळ त्याला धड उतरवता येत नसे, म्हणून तो कायम मागच्या बाकावर. आता पुढची बाकं रिकामी, म्हणून तो समोर येऊन बसला. ताईंनी सहज एक जुनी गोष्ट विचारली तर पठ्ठ्याने ती अथपासून इतिपर्यंत सांगितली, ताई जिथे खोकल्या होत्या तिथे खोकून सुद्धा! ते पोर कानांनी शिकत होतं आणि आम्ही त्याची वही बघून त्याला शून्य देत होतो. कैलास तर एका जागी बसूच शकायचा नाही. त्याला ताईंनी आधी पुष्कळ बसवून पाहिलं आणि एक दिवस सगळ्या वर्गालाच घेऊन त्या खाली पटांगणात गेल्या. खडूने लांबच लांब तापी काढली. ज्याचं गाव नदीकाठी त्याने तिथे उभं राहायचं, आणि कैलासने वरून निघून प्रत्येक गावाला शिवत, गावाचं नाव मोठ्याने घेत सुरतेपर्यंत पळायचं. परभणीचा एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "बाई, माझं गाव नाही ह्याच्यात." लगेच त्याच्यासाठी गोदावरी काढली गेली. ती उलट्या दिशेला जाते, हे त्या दिवशी पोरांना जन्मभराचं कळलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. माझी पोरंही आपापले बाक सोडून खिडकीशी कधी आली, मला कळलं नाही. मी त्यांना हटकलंही नाही.

पण ताईंना खरी बदलली ती संगीताने. संगीता नवागामहून चालत यायची. दोन घट्ट वेण्या, तोंडातून शब्द निघायचा नाही. चौथीत पोचूनही तिला अक्षरं लागली नव्हती. तिची आई साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायची आणि शाळा सुटली की संगीताही तेच करत बसायची. एकदा फळ्यावर शब्द लिहून ताई वळल्या तर हिची मान खाली आणि हात बाकाखाली चाललेले. पूर्वीच्या विमलताई असत्या तर तिथूनच ओरडल्या असत्या. या वेळी त्या जवळ गेल्या, खाली वाकल्या. पोरीच्या मांडीवर लेसचा एक तुकडा होता आणि त्याचा तिने हुबेहूब 'ळ' वळवला होता. कोपऱ्यातलं टोकसुद्धा बरोबर. त्याचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडून ताईंचा आवाज आला, "हाऊ ळ शे, बेटा. बाळना ळ." वर्गात त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि मग एक बारीक, चाचरता आवाज, "बाळना ळ..." तो आवाज मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता.

त्या आठवड्यात ताईंनी कारखान्यातून उरलेल्या लेसचं गाठोडं आणलं. संगीताने अक्षरं हातांनी वळवायची, मग त्यांच्यावरून बोट फिरवायचं, मग पाटीवर काढायची. अपूर्णांक तर तिने साडीच्या कापडाच्या घड्या घालून शिकून घेतले. अर्धा, पाव, अर्धपाव. भिका मोठ्याने सांगायचा, ती घडी घालायची, कैलास कापड धरून उभा राहायचा. एकाच गणिताला तीन वाटांनी तिघं पोचायचे आणि पोचल्यावर तिघांचा एकच आरडाओरडा.

संक्रांतीपर्यंत बाकीची पोरं गावाहून परतली, वर्ग पुन्हा भरला. पण ती चिडीचूप शांतता काही परत आली नाही. आचार्य एकदा तावातावाने वर आले. "विमलबेन, हा वर्ग आहे की बाजार?"

"बाजारातून कुणी रिकाम्या हाताने घरी जात नाही, गुरुजी," ताई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या जुन्या वर्गातून अर्धी पोरं जायची."

आचार्य दुष्ट नव्हते. त्यांना निरीक्षकांना तोंड द्यायचं असायचं, आणि निरीक्षक जिन्यातूनच कान टवकारून येत.

आणि मग संगीता शाळेत यायची बंद झाली. ताईंनी काही दिवस वाट पाहिली आणि एका रविवारी मला घेऊन त्या नवागामला निघाल्या. गल्लीबोळ, अंगणात साड्यांचे ढीग, दोऱ्यांची गुंतवळं. तिचे वडील शांतारामभाऊ रात्रपाळी करून झोपले होते, ते उठून बाहेर आले. आईने गोणपाट अंथरलं. संगीता आत दाराआड उभी.

"बाई, चार वरीस झायात," शांतारामभाऊ मोठ्या आवाजात म्हणाले. मागांवर काम करणारी माणसं घरीही मोठ्यानेच बोलतात. "पोरले काही येत नही. मंग कसाले धाडू? घर बठीसन मायले हातभार तरी लावी."

मला वाटलं, ताई आता शिक्षणाचं महत्त्व सांगतील. मी स्वतः तेच सांगायच्या तयारीत होते. पण त्यांनी भलतंच विचारलं. "भाऊ, तुम्हाला माग चालवायला कुणी शिकवला?"

"मना मामानी."

"कसा?"

"कसा म्हंजे? बाजूले उभं करी दिनं. देख म्हने."

"आणि नुसतं बघून जमलं?"

शांतारामभाऊंना हसू आलं. "नही ना! मंग हात धरीसन शिकाडं त्यानी."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या. "हिला शाळेत चार वर्षं नुसतं ऐक, ऐक म्हटलं, मीही तेच केलं. हात आत्ता कुठे धरलाय. चूक मनी शे, भाऊ. तिनी नही. परीक्षेलोंग तरी राहू द्या."

शांतारामभाऊंनी दाराआडच्या संगीताकडे वळून पाहिलं. आपली चूक आहे असं कुठल्या गुरुजींच्या तोंडून त्यांनी पूर्वी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मीही ऐकलं नव्हतं. शेवटी ते बायकोकडे बघून एवढंच म्हणाले, "चहा ठेव बाईसले." सोमवारी संगीता वर्गात होती.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. वेळ संपली तेव्हा संगीताचा पेपर अर्धाच झाला होता, पण लिहिलेलं सगळं तिचं तिने लिहिलेलं होतं. ताईंनी तिला बसू दिलं, पुरा होईपर्यंत. भिकाची भाषेची परीक्षा त्यांनी तोंडी घेतली. काही लपवलं नाही. दोन्ही पेपरांवर तसं लिहून खाली सही केली. आचार्यांनी नियमाप्रमाणे ते वर कळवलं आणि ताईंकडे खुलासा मागितला गेला. त्यांनी लिहून दिलं की, पोरांना काय येतं ते मला तपासायचं होतं, ते किती वेळात येतं हे नव्हतं. सुट्टीनंतर त्यांची बदली बमरोलीच्या शाळेत झाली. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. निरोपाला पेढे वाटले, चहा झाला. आचार्य भाषणात म्हणाले, "विमलबेन शिस्तप्रिय शिक्षिका होत्या," आणि ताईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

संगीता काठावर पास झाली. शांतारामभाऊंनी परीक्षेपर्यंतचा शब्द दिला होता, तो त्यांनी पुढेही ओढत नेला. ती आठवी शिकली. मग आईची दृष्टी कमी झाली आणि लेसचं सगळं काम तिच्यावर आलं. त्याची हळहळ ताईंना कायम राहिली. पण भिकाचं त्यांना त्याहून जास्त लागलं. पाचवीत त्याचं तोंडी कुणी घेईना, आणि लिहायला तर त्याला येतच नव्हतं. तो नापास झाल्याचं कळलं त्या दिवशी ताई माझ्या घरी आल्या, चहाला नको म्हणाल्या. "मी त्याला त्याच्या दाराने आत घेतलं, शैला, आणि तिथेच उंबऱ्यावर बसवून ठेवलं. घरातल्या बाकीच्या खोल्या कुणी दाखवायच्या?" त्यानंतर दर रविवारी भिका त्यांच्या घरी यायचा. तो बोलायचा, ताई ऐकायच्या, मग तेच वाक्य त्याने लिहायचं, कितीही वेळ लागो. पुढच्या वर्षी तो पास झाला. बमरोलीतही ताई पोराच्या कलानेच सुरुवात करत, पण एकदा ते आत आलं की त्याला न जमणाऱ्या गोष्टीकडे हळूच न्यायच्याच. माझ्या वर्गात जे काही बरं आहे, ते मी याच दिवसांत त्यांच्याकडून उचललं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. समजत सगळं होतं, डोळे तेच होते, पण तोंडातून निघायचा तो नुसता घोगरा आवाज. दवाखान्यातून चित्रांची कार्डं दिली होती; तहान लागली की पेल्यावर बोट ठेवायचं, वगैरे. त्यांची भावजय कमलवहिनी बिचारी मन लावून कार्डं समोर धरायची आणि ताई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. जन्मभर वर्गात बोलत राहिलेल्या बाईला पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायला लावायचं... मला बघवायचं नाही. मी मोठमोठ्याने गप्पा मारायची आणि घरी येऊन रडायची.

मग संगीता यायला लागली. पंधरा वर्षांची, उंच झालेली, अजून कमी बोलणारी. पहिले काही दिवस ती नुसती पायाशी बसून राहिली, ताईंच्या धडधाकट डाव्या हाताकडे बघत. एक दिवस तिने आपला हात वर केला, अंगठा ओठांकडे नेला, भुवया उंचावल्या. ताईंनी मान हलवली. संगीताने उठून पाणी दिलं. मग तिने हाताचा पंजा आडवा करून खाली दाबला आणि म्हणाली, "बाई, ही खूण माग बंदची. म्हणजे पुरे." मागांच्या आवाजात हाक मारली तरी ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातले कामगार हातांनी बोलतात. शांतारामभाऊ घरीसुद्धा निम्मं हातांनीच बोलत आणि पोरगी ते बघत वाढली होती. वहिनी आधी चिडली, "ही काय थट्टा?" पण ताईंचा डावा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी पंजा खाली दाबला. पुरे. झटक्यानंतर त्यांनी आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट.

मग तर दोघींना नाद लागला. धागा तुटला, म्हणजे दुखतंय. पाळी संपली, म्हणजे आता झोपते. ज्या खुणा कारखान्यात नव्हत्या त्या दोघी बसून बनवायच्या, मोडायच्या, पुन्हा बनवायच्या. आचार्य, आता निवृत्त झालेले, एकदा मोसंबी घेऊन भेटायला आले. ते दारात दिसताच ताईंनी दोन बोटं कॉलरशी नेऊन झटकली आणि संगीता खो खो हसत सुटली. ती 'शेठ आला, कामाला लागा' अशी खूण होती! आचार्यांनी अर्थ विचारला, संगीताने घाबरत सांगितला, आणि ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. जाताना त्यांनी 'पुरे' आणि 'पाणी' शिकून घेतलं.

मला मात्र ते पटकन जमायचं नाही. मी शब्दांची माणूस. शेवटच्या भेटीत 'उद्या येते' ही खूण मी चुकीची केली. ताईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, माझा हात बरोबर जागी नेला, सोडला, आणि पुन्हा कर म्हणून डोळ्यांनी सांगितलं. पुन्हा चुकले. पुन्हा मनगट धरलं. कपाळावर आठी नव्हती, घाई नव्हती. मला बरोबर जमलं तेव्हा त्या तोंडाच्या एका बाजूने हसल्या... मी दुसऱ्या दिवशी जाऊ शकले नाही. त्याच्या पुढच्या दुपारी रमणभाई जिना चढून आले.

अंत्ययात्रेला बमरोलीची पोरं होती, नवागामची होती. भिका आला होता, मिसरूड फुटलेला. शांतारामभाऊ पाळी सोडून आले होते.

परवा उधन्याच्या बाजारात रस्त्याच्या पलीकडे मला संगीता दिसली. मध्ये टेम्पो, रिक्षा, हॉर्न. हाक मारून उपयोग नव्हता. तिने हात वर करून विचारलं, बऱ्या आहात ना? मी मान हलवून हो म्हटलं. मग तिने कपाळाजवळून काहीतरी चिमटीत अलगद उचलल्यासारखं केलं, ते दुसऱ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली. ही खूण मला माहीत नव्हती. वाहनं चुकवत मी पलीकडे गेले आणि विचारलं, ही कुठली गं?

"आठवण येते," ती म्हणाली. "ही कारखान्यातली नाही, बाई. बाबांना विचारलं तर म्हणाले, मागावर आठवण काढायला वेळ कुणाला, तिथे अशी खूणच नाही. म्हणून आम्ही दोघींनी केली."

मी पिशवी खाली ठेवली आणि करून पाहिली. संगीताने माझी चिमूट जरा वर, भुवईपाशी सरकवली. मग बरोबर जमलं.